गुडघ्याची पुडी

मॅडम, तुम्ही गेल्यानंतर इतक्या वर्षांनी मी तुमच्यावर संशय घेतला आहे. कोणत्याही गोष्टीवर सहजासहजी विश्वास ठेवायचा नाही हे तुम्हीच शिकवलंत, पण त्यातून तुम्हाला वगळायचं असतं असं मी आजवर धरून चालले होते. आता ते धरवत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. जळगावात दुपारचं ऊन असं आहे की आरोग्य खात्याच्या ऑफिसातला पंखा नुसती गरम हवा खाली ढकलतोय. समोर यावलकडच्या प्रकरणाचा अहवाल पूर्ण होऊन पडलाय. त्यात तुमचा उल्लेख नाही, आणि येणारही नाही.

धुळ्यात देवपुरातलं तुमचं घर मला अजून खोलीखोलीनं आठवतं. दोंडाईच्याहून रेल्वेनं मेडिकलला शिकायला आलेली मी, हॉस्टेलच्या जेवणाला कंटाळले की रविवारी तुमच्याकडे यायची. तुम्ही स्वयंपाकघरातच लोकांना भेटायचात. औषध कंपन्यांचे प्रतिनिधीसुद्धा तिथेच, पाटावर नाही तर स्टुलावर. तुम्ही त्यांना चहा द्यायचात, बिस्किटं द्यायचात आणि मग ते गुळगुळीत रंगीत कागद हातात घ्यायचात. एकदा एक जण नव्या गोळीचा तक्ता घेऊन आला होता. जुन्या गोळीचा खांब बुटका, नव्या गोळीचा खांब उंचच उंच, पण मोजपट्टी शून्यापासून नाही, मधूनच सुरू झालेली. तुम्ही पेन्सिल घेतलीत, कागद ओट्यावर ठेवलात आणि दोन्ही खांब खालच्या कोऱ्या जागेत लांबवत नेलेत, अगदी शून्यापर्यंत. कागद पुरला नाही तेव्हा खाली वर्तमानपत्र जोडलंत. शेवटी दोन्ही खांब जवळजवळ सारखे दिसायला लागले. तो बिचारा चहाचा कप धरून नुसता बघत होता. "आता हे सांगा," तुम्ही म्हणालात, "तुमच्या या अभ्यासातून जे अर्ध्यावर सोडून गेले, ते का गेले? गोळी सोसली नाही म्हणून की बरे झाले म्हणून? ते कुठे छापलंय?" तो म्हणाला, "मॅडम, कंपनीला विचारून सांगतो." "सांगा," तुम्ही म्हणालात, "तोपर्यंत अजून एक बिस्किट घ्या." मी भाकरी थापत होते. इतकी हसले की भाकरी मोडली.

आणि तुमची बोलणी खाल्ली ती सोनगीरला. किल्ल्याच्या खालच्या वस्तीत रक्तदाबाचे रुग्ण गोळ्या नियमित घेतात की नाही, ते विचारायला तुम्ही आम्हाला पाठवलं होतं. मी दारोदार फिरले. सगळीकडे एकच उत्तर, "लेतस ना बाई, बठ्ठा लेतस. बठ्ठा बरा शेतस." सगळे घेतात, सगळे बरे आहेत. मी खूश होऊन परत आले. हायवेच्या कडेला जीपमध्ये बसून तुम्ही माझे कागद बघितलेत आणि विचारलंत, "कुलपं किती घरांना होती?" मी म्हटलं, ती घरं मी सोडून दिली, कोणी नव्हतंच तर विचारणार कोणाला? तुम्ही कागद माझ्या मांडीवर परत टाकलेत. "म्हणजे जो घरात बसून दार उघडू शकतो त्यालाच तू विचारलंस, तब्येत बरी आहे का. वा! जे कामावर गेले, जे दवाखान्यात पडलेत, जे मेले, त्यांचं काय? तुझा सगळा आकडा त्या कुलपांच्या मागे आहे. जा परत." मी संध्याकाळी परत गेले. एका कुलपाच्या घरचा माणूस पक्षाघात होऊन मुलाकडे सुरतेला गेला होता. गोळी त्यानं कधीच सोडली होती. जीपमध्ये येताना मला रडू येत होतं आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. समजूत काढायची तुमची पद्धत नव्हती. पण पुढच्या रविवारी तुम्ही मला बाजारात नेलंत आणि जाड तळव्याच्या चामडी चपला घेऊन दिल्यात. "साथीचं काम डोक्यानं होतं असं पोरांना वाटतं," तुम्ही म्हणालात. "ते पायानं होतं." आजही कोणी नवीन डॉक्टर रुजू झाला की मी त्याच्या पायांकडे बघते.

तर गेल्या हिवाळ्यातलं सांगते. यावलच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी केळीच्या बागांमधलं एक गाव. तिथल्या आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरचा फोन आला. "मॅडम, गावात म्हातारी माणसं पडताहेत." पडताहेत म्हणजे खरंच पडताहेत. उठून उभं राहायला गेलं की डोळ्यांपुढे अंधारी. उलट्या, अंगात त्राण नाही, रक्तदाब पार खाली. एक आजी दवाखान्यात पोचण्याआधीच गेल्या होत्या. आणि त्याआधी थोड्याच दिवसांपूर्वी गावात घरोघरी तपासणी होऊन रक्तदाबाच्या सरकारी गोळ्या वाटल्या गेल्या होत्या.

मी पोचले तोवर मोबाईलवर मेसेज फिरून झाला होता. लोकांनी गोळ्यांची पाकिटं नाल्यात फेकली होती. नुसत्या रक्तदाबाच्याच नाही, शेजारच्या वाडीत तर क्षयाच्या रुग्णांनीही गोळ्या सोडल्या होत्या, आणि मला खरी भीती त्याची होती. गेलेल्या आजींची मुलगी ओट्यावर बसली होती. चाळिशीची असेल, केळीच्या चिकानं काळे पडलेले हात. मला बघून ती उठली नाही. "सरकारी गोयी खाल्ली अन् माही माय गेली," ती म्हणाली. "चांगली चालत बोलत होती. आता तुमी काय लिवायले आल्या?"  मी खाली पायरीवर बसले. तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

तरुण डॉक्टरनं मला कागद दाखवला. पडलेल्यांपैकी एकूण एक जण ती गोळी घेत होते. त्याचा चेहरा पडला होता. मी विचारलं, "आणि जे पडले नाहीत ते?" त्यानं यादी पुन्हा चाळली. मग हळूच म्हणाला, "तेही घेत होते, मॅडम. गावातल्या सगळ्याच म्हाताऱ्यांना दिली होती." म्हणजे त्या आकड्यानं काहीच सिद्ध होत नव्हतं. पण म्हणून मी गोळीला सोडलं असं समजू नका. पहिला संशय मी आमच्याच गोळीवर घेतला. त्याच खोक्यांतल्या गोळ्या दुसऱ्या कोणत्या गावांत गेल्या ते काढलं आणि त्या गावांत स्वतः गेले, कारण तिथून तक्रार आली नाही याचा अर्थ एवढाही असू शकतो की तिथे कोणी विचारलंच नाही. तिथली म्हातारी माणसं ठणठणीत होती. मग पाण्यावर संशय घेतला. मग केळीवर मारायच्या फवारणीवर. आमचे साहेब फोनवर म्हणत होते, "एकदाचं काय ते लिहून टाका, लोक खवळलेत." मला त्यांच्या घाईचाही संशय येत होता. लोक खवळलेले असतात तेव्हा जे उत्तर पहिलं सापडतं तेच खरं वाटतं.

वाट सापडली ती यावल गावात. तिथल्या एका खाजगी डॉक्टरनं सांगितलं की असाच एक पेशंट त्यांच्याकडेही आहे. गाद्या-रजया भरणारे एक म्हातारे चाचा. मी त्यांच्या घरी गेले. कापसाच्या ढिगाशेजारी खाटेवर पडले होते, आवाज खोल गेलेला. मी सरकारी गोळीचं विचारलं. "कौनसी गोली, बेटी? मेरे को तो बीपी हैच नहीं." सून दारात उभी होती. ती मागून म्हणाली, "गोली-बिली कुछ नहीं मॅडम. वो पुडीवाला भागा ना, तब से ये ऐसेच पडे हैं. घुटने भी गए, ताकद भी गई."

मी विचारलं, "कौनसी पुडी?"

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी दुसऱ्या मुलखातून आले आहे. गुडघ्याची पुडी. कंबरेची, सांध्यांची. सगळ्या तालुक्याला माहीत होती. बाजाराच्या दिवशी एक माणूस यायचा, झाडपाल्याचं औषध म्हणून राखाडी भुकटीच्या पुड्या विकायचा. दुसऱ्या जिल्ह्यात त्याच्यासारख्याच कोणाला पकडल्याचं कळलं तसा तो एका बाजारापासून दिसेनासा झाला. आमच्या गोळ्या वाटल्या गेल्या त्याच सुमाराला. मॅडम, आम्ही सगळे गावात नवीन काय सुरू झालं ते शोधत होतो. काय बंद झालं, हे कोणी विचारलंच नव्हतं.

मी त्या गावात परत गेले. ज्यांना मी आधी विचारलं होतं, "आणखी कोणतं औषध घेता का," आणि ज्यांनी मान हलवून नाही म्हटलं होतं, त्यांनाच आता विचारलं, "पुडी घेत होता का?" "हा, पुडी तं घेतच होतो," एक नाना म्हणाले. मी म्हटलं, "मग तेव्हा नाही का म्हणालात?" ते म्हणाले, "तुमी औषधाचं इचारलं व्हतं. ते काय औषध आहे का? पुडी आहे ती." जे पडले होते ते सगळे ती पुडी घेणारे निघाले, तेही वर्षानुवर्षं. ज्यांनी सरकारी गोळी घेतली पण पुडी कधी घेतली नव्हती, त्यांच्यातलं कोणीही पडलं नव्हतं. आणि चाचांनी तर गोळी पाहिलीही नव्हती.

गेलेल्या आजींच्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं. मग आत गेली आणि प्लॅस्टिकच्या डबीतून कागदाची एक पुडी घेऊन आली. "मायनं हे एक ठेवेल व्हती," ती म्हणाली. "माह्या पोरीचं लगीन आहे. नाचता आलं पायजे म्हणे." पुडी तिनं माझ्या हातात ठेवली. त्या दिवशी तिनं मला चहा दिला.

तपासणीत काय निघालं ते तुम्हाला सांगायला नको. झाडपाला नावाला, बाकी स्टेरॉइड आणि वेदनाशामक. स्टेरॉइड रोज बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीरातल्या ग्रंथी ते बनवणं सोडून देतात, आणि एका दिवशी बाहेरचा पुरवठा तुटला की माणसाकडे स्वतःचं काही उरलेलं नसतं. साधा ताप, साधा जुलाबसुद्धा मग जीव घेऊ शकतो. तपासणीचा निकाल यायची वाट न बघता आम्ही उपचार सुरू केले, आणि उपचार म्हणजे काय, तर तेच औषध पुन्हा द्यायचं आणि हळूहळू कमी करायचं. चाचा सलाईन चालू असताना उठून बसले. सगळे उठले. गावानं ते पाहिलं, आणि मग नानांनी मला चारचौघांत गाठलं. "मॅडम, तुमच्या सुईत तेच आहे ना जे पुडीत व्हतं? मग तो देत होता ते वाईट अन् तुमी देता ते चांगलं?" मी म्हटलं, "नाना, तो किती देतोय ते त्यानं तुम्हाला कधी सांगितलं का? मी सांगते. आणि मी ते सोडवायला देतेय." ते मान हलवत राहिले. "ते खरं. पन केळीचे घड तर आमी त्याच्याच पुडीवर उचलले ना. तिच्याबिगर कंबर उचलत नव्हती. तवा तुमी कुठी होत्या?"

त्या रात्री मी माझा तक्ता पुन्हा काढून बघितला, मॅडम. माझ्या तक्त्यात पडलेल्यांचा रकाना आहे, न पडलेल्यांचा आहे. पण त्या भुकटीच्या जोरावर ज्यांनी हंगामामागून हंगाम बागेत काढले, चूल पेटती ठेवली, त्याचा रकाना नाही. माणूस दुखणं बरं करायला औषध घेतो असं आपण पुस्तकात शिकवतो. इथे लोक उद्या कामावर जाता यावं म्हणून औषध घेत होते. हे दोन्ही एक नाही, आणि आपलं निम्मं शास्त्र ते एकच आहे असं धरून चालतं. अहवालात मी हे लिहिलं होतं. साहेबांनी ती ओळ काढायला सांगितली. मी ठेवली आहे.

संशय तुमच्यापर्यंत कसा आला, ते आता सांगते. चाचांना तपासताना त्यांच्या हाताची कातडी पाहिली. कागदासारखी पातळ, जागोजागी निळे-जांभळे डाग. चेहरा मात्र गोल, भरलेला. सगळ्या स्टेरॉइडच्याच खुणा. आणि त्या खाटेपाशी उभी असताना मला तुमची शेवटची दिवाळी आठवली. त्याआधी कितीतरी दिवस तुम्ही गुडघ्यांनी हैराण होतात, कॉलेजचा जिना चढताना मध्ये थांबायचात. आणि त्या दिवाळीला मी आले तर तुम्ही झपझप चालताय, चेहरा भरलाय, गालांवर लाली. मी म्हटलं होतं, "मॅडम, तब्येत छान झाली." तुम्ही म्हणालात, "चालायला लागले ना परत, त्यानं." ताट वाढताना तुमच्या मनगटावर मोठा निळा डाग होता. मी विचारलं, तर म्हणालात, "बादली लागली." नंतर महिन्याभरातच कोणीतरी फोनवर सांगितलं की तुम्ही घरात पडलात, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. हृदय, असं म्हणाले सगळे. मीही तेच धरून चालले.

मी स्वतःला बजावलं की हे काही खरं नाही. आता पुडी डोक्यात बसली आहे म्हणून मला हवं तेवढंच आठवतंय. वय झालं की माणसं जाड होतात, बादल्या लागतात. शिवाय एका माणसाच्या आठवणीवरून निष्कर्ष काढणाऱ्या विद्यार्थ्याला तुम्ही वर्गाबाहेर काढायचात. तरी मी गेले. तुमच्या धाकट्या बहिणीकडे. त्या यावलकडेच दिलेल्या आहेत हे मला तुमच्याच तोंडून माहीत होतं, आणि चाचांना तपासल्यापासून चैन पडत नव्हतं.

अक्का आता खूप थकल्यात. अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या, मागे केळीची पानं वाऱ्यानं फाटत होती. मला त्यांनी लगेच ओळखलं. "ताईची भाकरी मोडणारी तूच ना?" इकडचंतिकडचं बोलणं झालं. मग मी विचारलं, मॅडम गुडघ्यांना काही घ्यायच्या का? अक्कांनी आढेवेढे घेतलेच नाहीत. "घ्यायची ना. पुडी. इथून मीच पाठवायचे, यष्टीत कोणी ओळखीचं असलं की त्याच्या हाती. पहिल्यांदा तिनं जिभेवर लावून बघितली आणि हसली. म्हणाली, यात काय आहे ते मला चांगलं माहितीये. मी म्हटलं, मग तू डॉक्टर आहेस, चिठ्ठी लिहून दुकानातून घे की. तर म्हणाली, चिठ्ठी लिहिली की त्यावर सही करावी लागेल, आणि माझी सही मी यावर करणार नाही."

 मला राग आला होता, मॅडम. तुम्ही फसला नव्हतात. आम्हाला वर्गात उभं करून जे शिकवत होतात ते सगळं माहीत असताना, बिननावाची, बिनमापाची भुकटी तुम्ही पाण्यातून घेत होतात आणि आमच्यासमोर जिना चढून दाखवत होतात. नंतर राग ओसरला, तेव्हा नानांची कंबर आठवली. तुम्हालाही चालायचं होतं, एवढंच असेल.

मग मी विचारलं, "शेवटी शेवटीपण घेत होत्या का?" अक्का म्हणाल्या, "घेत होतीच. पण त्या दिवाळीनंतर मी मुलीच्या बाळंतपणाला नाशिकला गेले ना. बरेच दिवस तिकडेच होते. तिथेच तिच्या जाण्याचा फोन आला." हे त्या सहज बोलल्या. त्या बोलण्यात काय होतं ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही. त्या नाशिकला असताना तुम्हाला पुडी पाठवणारं कोणीच नव्हतं.

थोड्या वेळानं त्या माझ्याकडे वळल्या. गावातली बातमी त्यांच्या कानावर आली होतीच. पुडीनं माणसं गेली, एवढीच. "एक विचारू? मी दिलेल्या पुडीनं गेली का गं ती?"

मी म्हटलं, "नाही, अक्का."

त्यांनी डोळे पुसले आणि कितीतरी वेळ माझा हात धरून ठेवला. हे पत्र मी कुणाला पाठवणार नाही, आणि यावलला जाताना बॅगेतही ठेवणार नाही, कारण तिथे ते चुकून अक्कांच्या हाती पडू शकतं. एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही, तुमची कधी तपासणी झाली नाही, आणि हृदयही असू शकतं, हे सगळं मी अक्कांना सांगू शकले असते. "मला माहीत नाही," हे उत्तर प्रामाणिक झालं असतं. पण मॅडम, त्या क्षणी मला माहीत आहे असंच वाटत होतं. म्हणूनच मी नाही म्हटलं.